आईने ब्लाउज उलटा केला

आज माझ्या साखरपुड्यासाठी ब्लाउज घ्यायला आईबरोबर अंधेरीच्या एका डिझायनर बुटीकमध्ये गेले होते. आरशात झकास दिसत होता. मी तो काढल्यावर आईने उलटा केला आणि शिवणीतलं जादा कापड शोधू लागली.

"यात माया सोडलीच नाही गं. उद्या अंग भरलं तर काय उसवणार?"

"आँटी, आजकाल कोण उसवतं? लोक नवीन घेतात ना," सेल्सगर्ल म्हणाली.

मला लाज वाटली. पटकन कार्ड पुढे केलं.

कांदिवलीला घरी आल्यावर आईने स्वतःच्या साखरपुड्याचा ब्लाउज काढला. आतून उसवलेल्या दोन शिवणींच्या खुणा होत्या.

"एक दादाच्या वेळी, एक तुझ्या वेळी. तिसरी अजून शिल्लक आहे."

मी घालून पाहिला. खांद्यावर जरा सैल, पण छातीभर श्वास घेता आला. बुटीकमध्ये मी तो रोखून धरला होता, हे तेव्हा कळलं.

खरं सांगा, साखरपुड्याला कुठला घालू?