नाल्यापलीकडचा हापसा

त्या दिवशी नाल्यावर होतो ते आम्ही एवढेच. मी. माझी सून, पाचवा महिना लागलेली. माझा धाकटा दीर. सरपंचबाई, ती खालच्या मोठ्या गावाची. ग्रामसेवक. आणि बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर, शहाद्याकडचा. पाड्यातली बाकी माणसं वर टेकडीवरून बघत होती. खाली कोणी आलं नाही.

का आली नाहीत ते सांगते.

आमचा पाडा अकरा घरांचा. अकरा म्हटलं तरी एक घर या टेकडीवर, एक त्या टेकडीवर. मधे शेतं, साग, मोहाची झाडं. पंचायतीचं ऑफिस गाठायचं तर पायी अर्धा दिवस जातो. आधी आम्ही नाल्याच्या पलीकडे राहत होतो. तिथे एका पावसाळ्यात माझ्या सुनेची दोन लेकरं गेली. आधी मुलगी, आठ दिवसांनी मुलगा. उलट्या आणि जुलाब. नाल्याला माती कालवल्यासारखं पाणी, आणि प्यायला दुसरं नव्हतं. नर्सबाई नंतर म्हणाली, पाण्यानं गेली. पण आमचा बडवा, म्हणजे देवाचं बघणारा म्हातारा, तो म्हणाला, ही जागा चांगली नाही, उठा इथून.

आमच्यात असंच आहे. जागा वाईट वाटली की घर उचलायचं. आमची घरं उचलता येतात. खांब काढले, वासे काढले, कुडाच्या भिंती सोडल्या, कौलं टोपल्यांत भरली, आणि सगळा पाडा नाल्याच्या अलीकडे येऊन बसला. दारंसुद्धा आणली. दाराच्या चौकटीवर पंचायतीनं पत्र्याचा नंबर ठोकला होता. आम्हाला वाटलं, नंबर आपल्याजवळ आहे म्हणजे आपण पंचायतीत आहोत. मी तो पत्रा दोन वर्षं राखेनं घासत होते, गंज नको चढायला म्हणून.

नाला ही दोन पंचायतींची हद्द आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. गुरं रोज इकडून तिकडे चरायला जातात.

तर त्या दिवशी गाडी आली आणि ग्रामसेवकानं मोबाईल काढला. म्हणाला, "मंजुरी पलीकडची आहे. यादीत अकरा घरं तिकडेच दिसतात."

माझा दीर म्हणाला, "तिकडे कोण पिणार साहेब, माकडं?"

"तुम्ही इकडे आलात ते कळवलं होतं का?"

"नंबर आणला ना बरोबर!"

सरपंचबाई हसली. "मग पंचायतीचं ऑफिस पण डोक्यावर घेऊन यायचं होतं, दादा."

दीरही हसला. मला नाही हसू आलं. उन्हाळ्यात आम्ही नाल्याच्या वाळूत खड्डा करतो, त्यात पाणी झिरपतं, ते वाटीवाटीनं भरतो. एक हंडा भरायला सकाळ जाते. आणि पावसात पुन्हा तेच गढूळ. सुनेच्या पोटात तिसरं होतं.

ग्रामसेवक म्हणाला, "अलीकडे खोदायचं तर त्या पंचायतीत नावं लावा, मग अर्ज करा."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू, आजी? आणि पलीकडे राहतं घर नसेल तर तिकडेही हापसा बसवता येत नाही. फोटोत घर दिसायला लागतं."

ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. "बाई, काय ते लवकर सांगा. दिन मावळाना आत मले घाट उतरना शे."

सून मला याहा म्हणते. आमच्या बोलीत आईला याहा म्हणतात. ती माझ्या कानाशी आली. "याहा, गाडी जाऊ देऊ नको." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण मी तिकडे पाय ठेवणार नाही."

मी तिला रागावले नाही. दोन्ही लेकरं तिकडेच पुरलेली आहेत.

मी ग्रामसेवकाला म्हटलं, "मी राहते पलीकडे. खोदा."

दीर ओरडला, "भाभी, डोकं फिरलं का? एकटी? त्या जागेवर?"

"मला खाऊन त्या जागेचं काय पोट भरणार आहे? नुसती हाडं आहेत."

मग तो वर गेला आणि माझ्या घराचं दार काढायला लागला. दुपार व्हायच्या आत दार आणि चार खांब पलीकडे उभे राहिले, वर पळसाची पानं टाकली. ग्रामसेवकानं मला दारात उभी करून फोटो काढला. नंबर दिसला पाहिजे, म्हणाला, आणि तपासायला कधीही माणूस येईल, घर रिकामं दिसायला नको.

पाणी लागलं. चार दिवसांनी हापसा बसला. पहिली ओंजळ मी प्यायले. लोखंडाचा वास होता, पण पाणी गार होतं. टेकडीवरून सगळे बघत होते. आठ दिवस त्यांनी बघितलं, मी मरते का ते. मग एकेक बाई हंडा घेऊन आली. आता सगळ्या येतात, पण भरलं की लगेच परत. बसायला कोणी थांबत नाही. माझा मुलगा गुजरातेत ऊसतोडीला आहे, फोनवर म्हणतो, "याहा, घरी जा." मी म्हणते, "घरीच आहे मी."

सून अजून पलीकडे चढत नाही. नाल्याच्या मधे मोठा दगड आहे, तिथपर्यंत येते. माझं कंबरडं दुखतं, तरी मी एक हंडा त्या दगडापर्यंत नेते. ती तिथून उचलते. कधी दगडावर बसून आम्ही दोघी बोलतो.

आता तिला आठवा लागलाय. वर ढग जमायला लागलेत. एकदा नाला भरला की चार महिने इकडून तिकडे जाता येत नाही. मी हापशाजवळ असणार आणि ती बाळाला घेऊन त्या गढूळ पाण्याजवळ. उकळून देईल ती, नर्सबाईनं शिकवलंय. मागच्या वेळीही उकळलं होतं, सरपण ओलं होतं तेवढे दिवस नाही जमलं.

नाल्यावर साकव पाहिजे. ही पंचायत म्हणते तो नाला त्यांचा, ती पंचायत म्हणते यांचा. मी दोन्हीकडे जाऊन आले, पायी.

अंगणवाडीच्या बाई हे लिहून घेतायत. वाचणारं जे कोणी असेल, तुमची साहेब लोकांत ओळख असेल तर एवढं सांगा, लाकडाचा चालेल, पण साकव टाकून द्या. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई जाईल एवढा रुंद. पाऊस लागायच्या आत.