दुर्बिणीतली वाकडी रेघ

नवरा-बायकोच्या आयुष्यात घर आणि मूल यांच्यानंतरचा सर्वांत गंभीर निर्णय रायफलीचा असतो. हे आमच्या नेमबाजी क्लबच्या अध्यक्षांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांच्या हिरव्या कोटावर छातीभर चांदीची पदकं होती आणि प्रत्येक वाक्यानंतर ती किणकिणत. एका हातात बटाट्याच्या सॅलडची प्लेट होती, आणि त्यांची तिसरी बायको मागून सांगत होती की आधी खाऊन घे, मग बोल.

आम्ही तेव्हा जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या एका गावात राहत होतो. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमापाच्या विभागात होता. कुठला दांडा केसाच्या किती हिश्शाने जाड आहे हे सांगणं त्याचं काम, आणि ते तो घरी आल्यावरही करायचा: पोळ्या, पडदे, माझं पार्किंग. मी आयटीत टेस्टिंग करते, म्हणजे पगार घेऊन लोकांच्या चुका काढते. अशा दोघांना एकत्र करता येईल असा छंद सापडणं अवघड. नाचाचा क्लास आम्ही दुसऱ्याच तासाला सोडला, कारण पाऊल कुणाचं चुकलं यावर एकमत होईना. मग त्याच्या ऑफिसातला एकजण आम्हाला गावच्या नेमबाजी क्लबच्या खुल्या दिवसाला घेऊन गेला. तीनशे मीटरवर कागद, हातात क्लबची रायफल, कानांवर जाड झाकणं. गोळी कुठे लागली ते शेजारच्या स्क्रीनवर लगेच दिसतं. वादाला जागाच नाही. आम्हाला ते फार आवडलं.

पुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाल्या, "अगं, तिकडे भजनी मंडळ वगैरे काही नाही का?"

"आहे ना, आई. स्टुटगार्टला. पण ते शनिवारी असतं."

"आणि हे?"

"हेही शनिवारीच."

"आणि ती बंदूक घरात ठेवणार तुम्ही?"

"तिजोरीत. तसा कायदाच आहे."

"म्हणजे सोनं बँकेत आणि बंदूक घरात," सासूबाई म्हणाल्या आणि फोन सासऱ्यांकडे दिला. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "कुठली घेताय?"

तेच तर ठरत नव्हतं. जर्मनीत स्वतःची रायफल घ्यायची तर आधी वर्षभर नियमित नेमबाजी करावी लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि मग संघटना लिहून देते की या माणसाला रायफलीची खरोखर गरज आहे. 'बेड्युर्फनिस' म्हणतात त्याला, गरज. मला आयुष्यात एखाद्या गोष्टीची गरज आहे हे कुणीतरी शिक्क्यासकट मान्य केलं, अशी ती पहिलीच वेळ. सासरी किंवा माहेरी असं कुणी केलेलं नव्हतं.

रायफली दोन, पण काडतूस एकच, एवढं आमचं ठरलं होतं. त्यामागे प्रेमबीम काही नव्हतं. एकाची काडतुसं संपली तर दुसऱ्याची वापरता यावीत, आणि सामन्याच्या दिवशी चुकीचा डबा उचलला म्हणून भांडण होऊ नये, इतकंच. काडतुसांत दोन उमेदवार होते. एक 'तीनशे आठ': जुनं, खात्रीचं, कुठेही मिळणारं, अख्खा क्लब तेच वापरायचा. दुसरं साडेसहा मिलिमीटरचं: त्या वेळी तिथे नवंच, गोळी बारीक आणि लांबट, वाऱ्याने कमी ढळणारी, आणि खांद्याला धक्काही कमी देणारी. अध्यक्ष त्याला फॅशन म्हणायचे, आणि तो शब्द उच्चारताना त्यांची पदकंसुद्धा गप्प व्हायची.

नवऱ्याने एक्सेल केलं. वाऱ्याने ढळणं, नळीचं आयुष्य, गोळीचं वजन, पुरवठा, प्रत्येकाला गुण. माझा निकष एकच होता, माझा उजवा खांदा. 'तीनशे आठ'च्या एका शनिवारनंतर तो जांभळा झाला होता. ऑफिसातली एक बाई मला कॉफीच्या मशीनपाशी बाजूला घेऊन हळूच म्हणाली, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, नवऱ्याचा काही संबंध नाही, हा रायफलीचा मार आहे. तिची काळजी कमी झाल्यासारखी वाटली नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दोन्ही काडतुसं मारून बघायला बंदुकांच्या दुकानात गेलो. हे दुकान बेकरी आणि कानाची यंत्रं विकणारं दुकान यांच्या मधोमध होतं. शेजार विचारपूर्वक निवडलेला असावा. दुकानाखाली तळघरात शंभर मीटर लांब बोगदा होता, गिऱ्हाइकांनी मारून बघण्यासाठी. दुकानदार उंच, सावकाश बोलणारा, पन्नाशीचा. त्याने आमच्यासाठी दोन रायफली मांडून ठेवल्या होत्या, दोन्हींवर दुर्बिणी बसवलेल्या.

आधी मी मारल्या. साडेसहाच्या पाच गोळ्या कागदावर एका बशीत मावतील इतक्या जवळ लागल्या. मग 'तीनशे आठ'च्या, त्याही ठीक. मग नवरा आडवा झाला, गाल टेकवला, डावा डोळा मिटला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"झोपलास का?" मी विचारलं.

"रेघ वाकडी आहे."

"कुठली रेघ?"

"दुर्बिणीतली. फुलीची उभी रेघ. मध्याच्या जरा खाली वाकलीय. कुणीतरी बोटाने ढकलल्यासारखी."

मी वाकून बघितलं. काळी, बारीक, सरळ फुली. "सरळ आहे."

"तू घाईत बघतेस."

"अरे, रेघ आहे ती. सरळ आहे की नाही ते कळायला किती वेळ लागतो?"

तो दुकानदाराकडे वळला आणि सभेत उभं राहिल्यासारख्या जर्मनमध्ये म्हणाला, "आल्झो, तर या दुर्बिणीत दोष आहे." दुकानदाराने बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. "गेराडं," तो म्हणाला. सरळ आहे. तरी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी त्याने दुसरी दुर्बीण बसवून दिली. नवऱ्याने पाच गोळ्या मारल्या. त्या कागदभर पसरल्या.

"हिच्यातही तेच," तो म्हणाला. "गेनाऊ, अगदी तीच जागा."

"मग काडतुसाचं काय ठरवायचं?" मी विचारलं.

"काडतूस ठरवूच शकत नाही! मोजायचं साधनच चुकीचं असेल तर मोजायचं काय?"

तिसरी दुर्बीण आली, वेगळ्या कारखान्याची, दुप्पट जाड. त्यातही रेघ वाकलेली. आता त्याचा आवाज ऑफिसातला झाला. एकाच जागी तोच दोष म्हणजे काच घासणारा कुणीतरी एकच पुरवठादार असणार, पूर्ण बॅच खराब असणार, कारखान्याला लेखी कळवायला हवं. जर्मन काचांवरचा त्याचा विश्वास मला माहीत होता. तो असा उडताना बघून मला खरं तर मजाच वाटत होती. दुकानदार कारखान्याला फोन करायला वर गेला. जिन्यात त्याने माझ्याकडे एक नजर टाकली. सहानुभूती होती की हिशेब, ते कळलं नाही.

नवरा म्हणाला, "सिद्धच करून दाखवतो." सुटी पडलेली दुर्बीण त्याने हातात घेतली आणि बोगद्याच्या टोकाच्या दिव्याकडे धरली. "दोष काचेत असेल तर दुर्बीण फिरवली की वाकही फिरला पाहिजे. साधं आहे. पाव वळसा दिला की वाक बाजूला जायला हवा." असं म्हणून त्याने डावा डोळा मिटला आणि दुर्बीण बोटांत हळूहळू फिरवली. पाव वळसा. अर्धा. पूर्ण.

मी विचारलं, "फिरला?"

त्याने पुन्हा फिरवली. मग दुर्बीण खाली ठेवली, डावा डोळा तळहाताने झाकला आणि बोगद्याच्या लोखंडी दाराच्या चौकटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"फुली फिरते," तो म्हणाला. "वाक तिथेच राहतो."

मला आधी काही समजलं नाही, मग एकदम समजलं. दोष दुर्बिणीबरोबर फिरत नव्हता, म्हणजे तो दुर्बिणीच्या अलीकडे होता. अलीकडे फक्त नवऱ्याचा डोळा होता.

"माझ्याकडे बघून काय दिसतं?" मी विचारलं.

"तुझं नाक वाकडं आहे."

"ते आहेच थोडं."

"एवढं नाही," तो म्हणाला. हसला नाही. मीही नाही.

दुकानदार वरून परत आला, तेव्हा नवरा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "एंटशुल्डिगुंग, माफ करा. दुर्बिणी ठीक आहेत." लग्नाच्या आठ वर्षांत त्याने एखादं यंत्र बरोबर आणि आपण चूक असं कबूल केलेलं मी प्रथमच ऐकलं. रेघेपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

गाडी मी चालवली. तो डावा डोळा झाकून रस्त्यावरचे पांढरे पट्टे, विजेचे खांब, खिडक्या बघत होता. "खांब वाकला," तो सांगायचा. "हाही वाकला." शेवटी मी म्हटलं, हात काढ डोळ्यावरून. त्याने काढला. दोन्ही डोळ्यांनी सगळं सरळ दिसत होतं, म्हणूनच इतके दिवस त्याला पत्ता लागला नव्हता. डावा डोळा उजव्याची चूक गुपचूप भरून काढत होता, आणि डावा मिटायची वेळ फक्त नेम धरताना यायची. क्लबच्या रायफलीला दुर्बीण नव्हती, त्यामुळे तिथे वाकायला रेघच नव्हती.

"जूनमध्ये कंपनीत डोळे तपासतात," तो म्हणाला. "दरवर्षी. नापास झालो तर मोजणीवरून काढतील."

"दुसरं काम देतील."

"दुसरं काम म्हणजे दुसरा करार. आपला व्हिसा या करारावर आहे." मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. ती म्हणेल, बंदुकीने झालं."

रविवार आम्ही घरातल्या प्रत्येक सरळ वस्तूची तपासणी करण्यात घालवला. घरात सरळ वस्तू किती असतात हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी मी इंटरनेटवर वाचलं. त्याला काही सांगितलं नाही, कारण तिथे प्रत्येक वाकडी रेघ शेवटी अंधत्वाकडेच जात होती.

सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आडवा छेद स्क्रीनवर आला. खडीच्या थरांसारखे थर, आणि मधोमध एक फुगवटा. डॉक्टर तरुण बाई होती, बारीक कापलेले केस, पायात क्रीडाबूट. ती म्हणाली, पडद्याच्या मागे पाणी साचलंय. मला वाटलं, आता ऑपरेशनची तारीख देणार.

"मानसिक ताण आहे का?" तिने विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. आम्ही एकाच वेळी बोललो. तिने दोन्ही लिहून घेतलं.

"कॉर्टिझोन घेता का? गोळी, मलम, स्प्रे?"

नवरा जरा विचार करून म्हणाला, "नाकात मारतो. मार्चपासून. बर्चच्या परागकणांचा त्रास आहे."

"डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेत?"

"त्याहून थोडा जास्त," तो म्हणाला. मोजमापाच्या माणसाच्या तोंडचा 'थोडा' ऐकून मी त्याच्याकडे बघितलं. "शिंका आल्या की रीडिंग चुकतं."

त्या स्प्रेमुळेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, ती म्हणाली, पण बंद करा. झोप घ्या. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप ओसरतं. काहींचं नाही. सहा आठवड्यांनी या.

"आणि औषध?" मी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"वाट बघणं," ती म्हणाली. जर्मनीत आल्यापासून मला सर्दी, ताप, पाठदुखी आणि पाडलेली दाढ या सगळ्यांवर हेच औषध मिळालं होतं. पण डोळ्यालाही तेच देतील असं वाटलं नव्हतं. जिन्यात बसून मी थोडी रडले. नवरा बाहुल्या मोठ्या झालेल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत शेजारी बसला होता. "सगळंच धूसर दिसतंय," तो म्हणाला, "त्यामुळे आत्ता वाकडं काही नाही."

जूनमध्ये त्याने कंपनीच्या डॉक्टरला सगळं खरं सांगितलं. मोजणीवरून त्याला उठवलं, पण करार तोच ठेवला. उन्हाळाभर तो एका खोलीत बसून इतरांची मोजमापं वाचत होता. त्यांच्या चुका तो जेवताना मला सांगायचा, आणि माझ्या मते ताणाचं कारण तिथेच होतं. क्लबमध्ये मी एकटीच जात होते. अध्यक्षांना कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून नेमबाजाचा डोळा, आत्म्याची खिडकी, असं बरंच काही सांगितलं. मी क्लबच्या 'तीनशे आठ'च्या वीस गोळ्या मारल्या. घरी आल्यावर तो विचारायचा, "काय झालं?" आणि मी स्क्रीनचे फोटो दाखवायचे. तो डावा डोळा झाकून ते बघायचा आणि म्हणायचा, "आज कमी आहे." मी विचारायचे, "काय, वाक की माझे मार्क?"

सप्टेंबरात पडद्यामागचं पाणी गेलेलं होतं. डॉक्टरने स्क्रीनवर ते थर दाखवले, एकावर एक, सरळ. नवऱ्याने ते आधी उजव्या डोळ्याने बघितले, मग डाव्याने, मग दोन्हींनी, आणि बाहेर आल्यावर मला धरून पार्किंगमध्ये बराच वेळ उभा राहिला. आठवड्याभरात त्याचं मोजणीचं काम परत मिळालं. आम्ही दुकानात जाऊन दोन रायफली घेतल्या, दोन्ही साडेसहाच्या.

पुढच्या शनिवारी तो तीनशे मीटरच्या पट्टीवर आडवा झाला. फुली सरळ होती. अध्यक्ष टोपी काढून मागे उभे राहिले. त्याने सावकाश दहा गोळ्या मारल्या. डॉक्टरच्या अहवालानुसार दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्ण होती. दहापैकी चार कागदाला लागल्या.