अण्णा कितीदा निघतात

मी चेन्नईला निघाले त्या दिवशी माझ्या हातावर दही अण्णांनी घातलं. आई नुकतीच गेली होती, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यांना अंदाज नव्हता. एवढं घातलं की ओघळून नव्या कुर्त्याच्या बाहीत शिरलं. "गाडी चुकवू नकोस. पोचल्यावर फोन कर, सुमे," म्हणाले आणि लगेच पाठ फिरवून भांडं धुवायला गेले. दादा, तू तेव्हा बाहेर रिक्षात माझी बॅग ठेवत होतास, तुला हे माहीत नसेल. कराडहून पुणं, पुण्याहून चेन्नई, सगळ्या वाटेत त्या बाहीला आंबट वास येत होता.

इथे पेरुंगुडीत मी सॉफ्टवेअर तपासते. एखादी चूक सापडली की ती कितीदा होते ते इंग्रजीत नेमकं लिहायचं, यावर माझं पोट चालतं. ऑल्वेज, ऑफन, रेअरली. कधी होते, कधी होत नाही आणि का ते कळत नाही, तिला इंटरमिटंट म्हणायचं. शब्द अडला की टीममधली पोरं माझ्याकडे येतात. कराडच्या मराठी शाळेतल्या मुलीला ही मंडळी इंग्रजी विचारतात, याची मला केवढी ऐट होती.

तुझी फिरतीची नोकरी, वहिनीची कंबर, म्हणून अण्णांना मी वेस्ट मांबलमला माझ्याकडे आणलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीनंतर त्यांचं निघणं सुरू झालं. टोपी घालतात, पिशवी काखेला मारतात आणि पाहुण्यासारखं अवघडून म्हणतात, "चला, फार दिवस राहिलो. निघतो आता. जरा दही दे हातावर." पोटच्या पोरीच्या घरी पाहुणे! दही नाही दिलं तर तसेच निघतात. एकदा मांबलम स्टेशनबाहेर सापडले. कराडची गाडी कधी लागते म्हणून एका फुलवालीला मराठीतून विचारत होते आणि ती बिचारी त्यांना पाणी देत होती. हल्ली वॉचमन खालून हाकच मारतो, "अक्का, अप्पा किळंबिट्टार!" अप्पा निघाले. तमिळ मला अजून धड येत नाही, पण हा शब्द ऐकला की मी हातातलं टाकून जिना उतरते.

तू फोनवर विचारतोस, "कितीदा करतात असं?" मी म्हणते, "अधूनमधून." आपल्यात ते खपून जातं. "मग बाहेरून कुलूप लावून जात जा," असं तू म्हणालास तेव्हा मी फोन ठेवून दिला. अण्णांना कोंडून ठेवायचं? आपल्याला त्यांनी कधी साधं खोलीत कोंडलं नाही, तू एवढा उपद्व्यापी असूनसुद्धा.

आता ऑफिसने घरून काम करणं बंद केलंय. सोमवारपासून रोज जायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारी एकच जागा जवळ आहे. काल अण्णांना घेऊन तिथे गेले. चालवणाऱ्या बाईंचं आडनाव राव. मी आशेने मराठीत सुरुवात केली, तर त्या ओशाळून हसल्या. आजी होती तोवर घरात तंजावरची मराठी होती म्हणे, आता स्वयंपाकघरातले चार शब्द उरलेत. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हाउ ऑफन डझ ही वॉन्डर, मा?" क्वचित बाहेर पडणारे चालतील, सारखे पडणारे नाहीत. दारावर ठेवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता.

एका शब्दावर सगळं येऊन ठेपलं. रेअरली म्हणावं तर धडधडीत खोटं. ऑफन म्हटलं की संपलं. इंटरमिटंट यंत्राला म्हणतात, बापाला कसं म्हणू? ज्या शब्दांवर रोज पोट भरते त्यांतला एकही कामाला येईना. शेवटी कसंबसं म्हणाले, "ऑकेजनली."

बाई लिहून घेणार एवढ्यात अण्णा उठले. टोपी सारखी केली आणि त्यांच्यापुढे तळहात पसरला. "बराय, येतो बाई. दही द्या जरा."

दही! हा आजीचा शब्द बाईंना कळला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जमलं आपलं. त्या स्वतः आत गेल्या, वाटीतून दही आणलं, चमचाभर अण्णांच्या हातावर घातलं. अण्णांनी ते चाटलं, नमस्कार केला आणि सरळ दारातून बाहेर पडून रस्त्याला लागले. मी धावले. कोपऱ्यावर गाठून परत आणलं तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. "सॉरी मा," म्हणाल्या, "धिस इज नॉट ऑकेजनली." चार शिव्या द्याव्यात तर बाई चांगल्या होत्या.

घरी आलो. अण्णांनी फ्रिज उघडून स्वतःच दह्याचं भांडं काढलं. मला वाटलं, झालं, निघाले पुन्हा. पण त्यांनी माझा हात ओढला, तळहातावर दही घातलं, तेव्हासारखंच जास्त, आणि म्हणाले, "गाडी चुकवू नकोस. पोचल्यावर फोन कर, सुमे."

दादा, मी तिथेच ओट्याला टेकून रडले. इतकी वर्षं या शहरात आहे आणि मला वाटतंय, मी अजून पोचलेच नाही. घर म्हणून मला आता एवढंच उरलंय, मी निघताना हातावर दही घालणारं माणूस. कराडचं घर नाही, इथलंही नाही. आणि ते माणूसच रोज उठून निघतंय.

खालच्या दुकानातून मी कुलूप आणलंय. सोमवारी सकाळी अण्णा माझ्या हातावर दही घालतील. मी ते चाटीन, "येते हं, अण्णा," म्हणेन आणि बाहेरून कुलूप लावीन.