पावण्यांचं काचघर

पंचगंगेच्या काठावर झाडांचा पाहुणचार करणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा निघाला. सत्तरच्या दशकात, उसाशिवाय दुसऱ्या पिकाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं तेव्हा, त्यांनी एसटीच्या मोडीतल्या काचा जमवून मळ्यात काचघर उभं केलं. विलायतेत राजांनी संत्र्यांसाठी काचेचे महाल बांधले होते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अशा थाटात सांगत, जणू ते राजे त्यांच्या भावकीतलेच. एका काचेवर 'स्त्रियांसाठी राखीव' ही अक्षरं तशीच राहिली होती. तिच्याखाली फक्त गुलाब लावायचे, भोपळी मिरचीला तिथं मज्जाव. चैत्रात आत शिरलेला माणूस उकडूनच बाहेर पडे. मग माझ्या बहिणीच्या रुखवतातल्या चादरी काचांवर चढत.

परदेशी बियाण्याच्या रोपांना ते 'पावणं' म्हणत. सुनेचा भाऊ म्हणून मीही पावणंच. एकदा "पावणं, जरा सरका की" ऐकून मी अंग चोरून सरकलो, तर ते मिरचीच्या कुंडीशी बोलत होते. पाहुण्याला आधी पाणी, तेही नदीचंच. तांब्या हातात देऊन "ग्वाड हाय का न्हाय?" विचारत, आणि हो म्हटल्याशिवाय बसू देत नसत.

पुढं वरच्या अंगाच्या साखर कारखान्याचं मळीचं पाणी नदीत उतरू लागलं. मासे उलटे होऊन तरंगले, रोपांची पानं करपली. गावात नदी वाचवायला समिती निघाली, पण सगळ्यांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, त्यामुळं सभेत बोलणारे बहिणीचे हे सासरे एकटेच. शेवटी कारखान्याचे चेअरमन काचघर बघायला आले. हार झाले, फोटो झाले. रीतीप्रमाणं ह्यांनी नदीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. चेअरमननी वास घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"का वो पावणं? माझी पावणी रोज ह्येच पित्यात की!"

कुणी हसलं नाही. मळीही थांबली नाही. त्या हंगामात ह्यांचा ऊस तोडायला मात्र कारखान्याची टोळी आली नाही. उभ्या उसाला तुरे आले, वजन गेलं.

नंतर मी गेलो, तेव्हा काचघरात नुसत्या कोरड्या कुंड्या होत्या आणि मधोमध हे बसलेले.

"असलं पाणी पाजण्यापरीस न्हाई पाजलं," ते म्हणाले. "बसा, पावणं."

मी बसलो. गाव सोडून परत निघेपर्यंत त्यांनी मला पाणी विचारलं नाही.