सुजेभोवतीची रेघ

मधमाश्या पाळणाऱ्याला सुजेचं कसलं कौतुक? धुरवाल्यालाही नव्हतं. हातात कायम माश्यांना शांत करायचं धुराडं, म्हणून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं, आणि तो ते पदवीसारखं मिरवी. कुणी डंख लागून कळवळलाच, तर तो ठरलेलं बोले, "उद्या उतरेल. माशी चावली, वाघ नव्हे!"

त्याच भरवशावर त्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं. पेटीतली चौकट उपसताना तिच्या मनगटाला काहीतरी टोचलं होतं. मनगट लाल, गरम, टम्म. "डंखच आहे. गार पाण्याची पट्टी ठेव," तो म्हणाला. तिसऱ्या सकाळी लाली कोपराकडे चढली होती. ती हुडहुडत होती, श्वास भात्यासारखा चालला होता. अंगणातल्या पेट्यांकडेच बघत तिने विचारलं, "अहो, पेट्या कुठे नेल्यात?"

शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याने तिला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगट निरखलं. "कातडीत रुतलेली नांगी दिसली होती?"

"नाही."

"मग डंख कशावरून ठरवलंत?"

धुरवाल्याचा चाळीस वर्षांचा अभ्यास एका प्रश्नात आडवा झाला होता. चौकटीचा गंजका खिळा त्याला आता आठवला.

सलाइन लागलं, जंतू मारायचं औषध सुरू झालं. बाई म्हणाल्या, "जंतूंना आम्ही मारतोय. पण निम्मी भीती यांच्याच शरीराची आहे."

"तिच्या शरीराची? ती मुंगीला दुखवत नाही हो!"

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा देतात. जंतू दिसला की त्या रसायनांच्या हाका सोडतात. हाक ऐकून आणखी पेशी येतात, त्याही हाका सोडतात..."

"थांबा," धुरवाला म्हणाला. "पहारेकरी माशीनं डंख मारला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. त्या वासानं दहा उठतात, दहांच्या वासानं सगळी पेटी. मग समोर चोर आहे की धनी, कुणी बघत नाही."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "अगदी तसंच. त्या गदारोळात रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब पडतो, मूत्रपिंड रक्तावाचून उपाशी राहतं, लघवी आटते."

"मग धूर द्या की! धुरानं तो वास झाकला जातो."

"तसं नेमकं धुराडं अजून कुणाला साधलेलं नाही, काका. सगळ्याच हाका दाबल्या तर जंतूंचं फावतं. आम्ही चोर मारतो, रक्तदाब धरून ठेवतो. शांत करणाऱ्या हाकाही शरीरच सोडतं. त्यांना वेळ मिळवून द्यायचा."

धुरवाला रिकाम्या हातांनी बाकावर बसून राहिला. रिकाम्या हातांची त्याला सवय नव्हती. दोन दिवस तो लघवीच्या पिशवीकडे बघत होता. फुलोऱ्याकडेही त्याने कधी इतक्या आशेनं पाहिलं नसेल. तिसऱ्या दुपारी नर्स म्हणाली, "आजोबा, पिशवी भरायला लागली!" आणि थोड्या वेळाने खाटेवरून बायकोचा आवाज आला, "अहो, तुमच्या अंगाला धुराचा वास येतोय. आंघोळ केली नाहीत ना?"

तो हसता हसता रडला.

घरी जाताना बाईंनी विचारलं, "दंगल होऊन गेलेली पेटी कशी असते?"

"थकलेली. लुटारू माश्या तेव्हाच शिरतात. आम्ही पेटीचं दार बारीक करतो."

"मग घराचंही करा. काही दिवस पाहुणे कमी. ताप दिसला की थेट इकडे."

आता पेट्यांच्या छपरीत धुराड्याशेजारी दोरीला एक पेन लटकतं. कुणालाही सूज आली की तिच्याभोवती रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची. लाली रेघेबाहेर पसरली, अंगात ताप भरला, की दवाखाना.

परवा धुरवाल्याच्याच बोटाला डंख लागला. बायको पेन घेऊन आली. "हात पुढे करा."

"अगं, नांगी दिसतेय ना! माशी आहे, वाघ नव्हे."

"वाघ असता तर आपण सावध राहिलो असतो," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तिच्या हातात अजून पुरता जोर आला नव्हता, रेघ वाकडीच आली. त्याने हात मुळीच हलवला नाही. तिला सावकाश वेळही लिहू दिली.