कालगुर्लीतलं इरलं

मी शाळेत असताना आमच्या घरचा धंदा प्लास्टिकच्या कागदानं खाल्ला. गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटाच्या कडेला. भातलावणीला बायका पाठीवर इरलं घेऊन वाकायच्या. बांबूच्या दोन जाळ्या, मधे दाबून बसवलेली पानं. डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस कोरडं. ती इरली माझे वडील विणायचे. मग बाजारात निळे-पिवळे कागद आले आणि एका वर्षी विणलेला सगळा माल माळ्यावरच राहिला. त्या पावसाळ्यात आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला गेली, तीही प्लास्टिकचा कागद पांघरून.

बारावीनंतर मी शिक्षण सोडून पुण्यात एका दुकानात लागलो. पुढे लग्न झालं. बायको खाणीतली इंजिनियर, तिच्या नोकरीमुळे आम्ही ऑस्ट्रेलियात, कालगुर्ली या खाणींच्या गावाला आलो. इथं ती म्हणाली, "आता तू शीक. आवडेल ते." मला लहान मुलांना शिकवायचं होतं. गावाकडचा मित्र फोनवर हसला, "लेका, पोरं सांभाळायला एवढ्या लांब गेलास व्हय?"

"पगार देतात रे," मी म्हणालो.

पर्थच्या विद्यापीठाची पदवी घरूनच करत होतो; तिची शेवटची पायरी म्हणजे किंडरगार्टनमधलं प्लेसमेंट, वर्गात शिकवायचा सराव. मेंटॉरनं, म्हणजे वर्गाच्या शिक्षिकेनं, रिपोर्टवर सही केली तरच पदवी. नाहीतर सगळं पुन्हा, तेही पर्थला राहून.

विषय मिळाला रेनफॉरेस्ट. आमच्या गावच्या शाळेत प्रोजेक्ट म्हणजे प्रदर्शनाची वस्तू, आणि घरातलं जाणतं माणूस ती करणार. मीही शनिवार-रविवार खपून थर्माकोलचं जंगल केलं. चार थर, वेली, माकडं, कापसाचं धुकं. सोमवारी मुलं त्याच्याभोवती दोन मिनिटं थांबली आणि वाळूत खेळायला गेली.

मेंटॉर म्हणाली, "सुंदर आहे. यातलं मुलांनी काय केलं?"

मी कापसाचं धुकं सारखं करू लागलो.

"पुढच्या आठवड्यात मला तुझं काम नको दाखवूस. त्यांचं दाखव."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तू माकडाच्या शेपट्यासुद्धा स्वतः वळल्यास. पोरांना ठेवलंस काय?"

मग हार्डवेअरच्या दुकानातून झाडांना आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या आणल्या, चिरून कामट्या काढल्या, पॉलिश पेपरनं घासल्या. कितीतरी वर्षांनी हात त्या कामाला लागले होते, पण विसरले नव्हते. चार मुलं खाली बसतील एवढी जाळी अंगणात चार खुंटांवर उतरती बांधली. मुलांना एवढंच विचारलं, "जंगलात वरून पाऊस पडतो. खाली बसलेल्या बेडकापर्यंत तो कसा पोचत असेल?"

त्यांनी कागदाची पानं रंगवली, कापली, जाळीत खोचली. मी झारीनं पाणी ओतलं. रंग विरघळला, हिरवं पाणी मुलांच्या डोक्यावर आलं आणि पानांचा लगदा झाला. मुलं खूश.

वडिलांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला. "जाळी बरी हाय. पानं उलटी घातलीत. खालनं सुरू करायचं, कौलागत. शेंडा खाली. सांगून टाक की पोरांना."

"सांगायचं नाही, बाबा. त्यांनीच शोधायचं."

"मग तू कशाला हायस तिथं?"

मग स्वतःच म्हणाले, "मला तरी कुणी सांगितलं व्हतं? भिजल्यावरच कळलं."

दुसऱ्या दिवशी हात खिशात घालून उभा राहिलो. खाणीतल्या ट्रक ड्रायव्हरची चार वर्षांची मुलगी लगद्यातून एक पान उचलून बघत होती. ते तिनं मेणखडूनं रंगवलेलं होतं आणि त्याला काही झालं नव्हतं. "लुक," ती म्हणाली, "थेंब घसरतोय." मग सगळ्यांनी मेणखडू घेतले. एकानं शेंडा वर करून पान लावलं, पाणी आत आलं. त्या मुलीनं पान फिरवलं, शेंडा खाली केला, पाणी बाहेर गेलं. वरच्या पानाच्या शेंड्याखाली खालच्या पानाचा देठ सरकवायला त्यांना तीन दिवस लागले. तीन दिवस माझे हात शिवशिवत होते. मी फक्त विचारत राहिलो, "आता पाणी कुठं चाललंय?"

शुक्रवारी मेंटॉर अंगणात आली. चार मुलं जाळीखाली बसली, मी झारी रिकामी केली. आत थोडंच पाणी आलं, तेही उशिरा. बाहेरची मुलं ओरडली, "पाऊस संपला!" खाली बसलेली मुलगी वर बघत होती. एका पानावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर थेंब उतरत होते.

"नो," ती शांतपणे म्हणाली, "इन हिअर इट्स स्टिल रेनिंग."

मेंटॉर गुडघ्यांवर बसली, वाकून आत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या दुपारी तिनं रिपोर्टवर सही केली. मी पास झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला, आणि आज त्याच वर्गात शिकवतो.