बर्गीच्या बदल्यात हिलसा

पत्ते छापून आले तेव्हा मी खोका दारातच फोडला. आमचा खेळ! मी आणि माझ्या दोन बंगाली मैत्रिणी, तिघींनी कोलकात्यात, बालीगंजच्या एका गच्चीवरच्या खोलीत बसून रचलेला. बंद पाकिटात कोणते पत्ते निघतील ते नशिबावर. ठरावीक पत्ता हवा असेल तर दुसऱ्याशी अदलाबदल करायची. ट्राम, घाट, भाताचं कोठार, सगळ्यात दुर्मीळ हिलसा मासा. आणि कोठार लुटणारा बर्गी, म्हणजे अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेला आपला मराठा घोडेस्वार. इथल्या आज्या अजूनही त्याची भीती घालून पोरांना झोपवतात.

चित्रं माझी. बर्गी रंगवताना मात्र त्याला कुरूप करायला हात धजेना. त्याला आमच्या आजोबांचं नाक दिलं, मिश्या मामाच्या. मैत्रिणी हसून लोळल्या. "हा लुटायला निघालाय की बोहल्यावर?" मी भडकले. आमची तिसरी पिढी कोलकात्यात, तरी बर्गीवरून चिडवणं काही संपत नाही! शेवटी ठरलं, पहिल्या विक्रीच्या दिवशी एकानं जरी बर्गी मागून घेतला तर तो असाच राहील. नाहीतर पुढच्या छपाईत त्याला सुळे.

विक्री बागबाजारच्या एका क्लबात. मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक इथूनच सुरू व्हायचा, म्हणजे मी अगदी शत्रूच्या दारात टेबल मांडलं होतं. पाकिटं भराभर खपली, पण लोक पत्ते बघायचे, कौतुकानं "बाः" म्हणायचे आणि पिशवीत टाकायचे. अदलाबदल काही होईना. माझा जीव टांगणीला! मग कुणीतरी ओरडलं, "ट्राम देतो, घाट आहे का?" आणि काय सांगू, बघता बघता खोलीचा मासळीबाजार झाला. आमचा खेळ चालायला लागला होता, मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. बर्गी मात्र जो तो दुसऱ्याच्या गळ्यात मारत होता. एकानं तर तो मलाच परत आणून दिला.

आवराआवर सुरू झाली तेव्हा एक आजीबाई हिलसा उंच धरून टेबलाशी आल्या. "बर्गी आछे? बदलाबे?"

"हिलसा देऊन बर्गी?" मैत्रीण किंचाळलीच.

नात झोपत नाही, आजी बंगालीत सांगू लागल्या. लेकीला याचीच भीती घातली, आता नातीला घालतेय, पण त्याचं तोंड कसं असतं ते दाखवायला कधी मिळालं नव्हतं. मी माझ्याकडचा बर्गी पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा तर भला माणूस दिसतो! मूल घाबरणार कसं?"

"माझ्या आजोबांचं नाक आहे ते," मी बोलून गेले. "आम्ही मराठी."

त्यांनी पत्ता पाहिला, मग माझं नाक पाहिलं.

"एवढा खंदक खणला, तरी आलातच!" म्हणून त्या खदखदून हसल्या. मीही हसत सुटले. हिलसा माझ्या हातात देऊन त्यांनी बर्गी चष्म्याच्या घरात नीट ठेवला.